जुन्या गेमिंग पीसीत आधी काय बदलायचं, ग्राफिक्स कार्ड की प्रोसेसर? कामाच्या नोंदी

मशीन २०१७ चं. रायझन ५ १६००, बी३५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०६० ६ जीबी, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, मॉनिटर १०८०पी पण १४४ हर्ट्झचा. वापरणारे आम्ही दोघं भाऊ आणि दोघांच्या तक्रारी वेगळ्या. मला सायबरपंक २०७७ सारखे मोठे गेम खेळायचेत, ते मिडियम सेटिंगलाच सेकंदाला चाळीस-बेचाळीस फ्रेम्सवर रडतात. धाकटा काउंटर-स्ट्राइक २ वाला, त्याचं म्हणणं, "दादा, आकडा दिसतो दीडशे, पण धूर फुटला की अडकतंच." एका वेळी एकच मोठा पार्ट घ्यायचा असं ठरलंय, त्यामुळे आधी काय हा प्रश्न. याच जोडणीचं मशीन अजून बऱ्याच जणांकडे असेल म्हणून लिहून ठेवतोय.

८ नोव्हेंबर : नुसतं मोजमाप

आज काही विकत घेतलं नाही, फक्त आकडे बघितले. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर टाकला, स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर, फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) ग्राफ आणि १% लो (सगळ्यात मंद १% फ्रेम्सचा वेग) लावून घेतलं.

टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) टक्क्यावर अजिबात जाऊ नका. १६०० ला १२ थ्रेड आहेत, गेमचा मुख्य थ्रेड एक कोर पूर्ण पिळून काढत असला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८% दिसतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये एकूण वापर पन्नाशीच्या खाली होता आणि भाऊ म्हणे प्रोसेसर तर अर्धा रिकामा आहे, मग कार्डच घेऊ. थ्रेडवार बघितलं तर एक थ्रेड सारखा नव्वदीच्या वर आणि कार्ड साठ-पासष्ट टक्क्यांवर डुलक्या काढतंय.

सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे रिझोल्यूशन खाली आणणं. १०८०पी वरून ७२०पी केलं की कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम्स वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर. सायबरपंक ७२०पी ला भराभर वर गेला, म्हणजे अडचण कार्डाची. काउंटर-स्ट्राइक ढिम्म हलला नाही, म्हणजे तिथे प्रोसेसर. शॅडो ऑफ द टूम रेडरचा बेंचमार्क शेवटी किती टक्के वेळ गेम कार्डामुळे अडला हे स्वतःच सांगतो, तिथे ९९% आलं.

थोडक्यात एकाच मशीनमध्ये माझ्यासाठी कार्ड जुनं आणि भावासाठी प्रोसेसर जुना. दोन पार्टची नावं टाकली की अमुक टक्के बॉटलनेक (एका पार्टमुळे दुसरा अडणं) म्हणून सांगणारे ते ऑनलाइन कॅल्क्युलेटर असतात ना, ते कुठला गेम, कुठलं सेटिंग हे धड विचारतच नाहीत, मग टक्के काढतात कुठून देव जाणे.

९ नोव्हेंबर : रॅम

बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सहज गेलो तर रॅम २१३३ वर चालतेय. पाकिटावर ३२०० लिहिलंय पण एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) बंदच होतं, इतकी वर्षं. लावलं ३२००, तर स्क्रीन काळी, पंखे चालू-बंद चालू-बंद, शेवटी बोर्डानेच कंटाळून परत २१३३ वर आणून सोडलं. रॅमला दोष नाही, पहिल्या पिढीच्या रायझनचा मेमरी कंट्रोलरच तसा नाजूक, एएमडीने अधिकृतपणे २६६६ पर्यंतच सांगितलेलं. २९३३ ला मात्र व्यवस्थित उठलं आणि मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही.

रायझनमध्ये आतल्या इन्फिनिटी फॅब्रिकचा (प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या मार्गाचा) वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो त्यामुळे हे फुकटचं काम खरंच जाणवतं. काउंटर-स्ट्राइकची सरासरी थोडीच वाढली पण १% लो नीट वर आला. सायबरपंकला काही फरक नाही, अपेक्षाही नव्हती. रॅमची एकच कांडी असेल तर मात्र कार्ड-प्रोसेसरचा विचार करायच्या आधी दुसरी टाका, सिंगल चॅनलवर कुठलाच प्रोसेसर धड पळत नाही. दोन असतील तर त्या बरोबर स्लॉटमध्ये आहेत का ते बघा, बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डात सीपीयूपासून मोजलं तर दुसरा आणि चौथा.

१२ नोव्हेंबर : काय घ्यायचं

बोर्ड एएम४ (एएमडीच्या प्रोसेसरचा सॉकेट) असल्यामुळे आम्ही नशीबवान. २०२२ मध्ये ३०० सिरीजच्या (आमचा बी३५० त्यातलाच) बोर्डांना रायझन ५००० चा सपोर्ट मिळाला, म्हणजे बोर्ड आणि रॅम तीच ठेवून रायझन ५ ५६०० बसतो. ६ कोर १२ थ्रेडच, वॉटही तेच ६५, पण कोर तीन पावलं नवे. त्याच काळातलं इंटेलचं मशीन असेल, समजा आय५ ७४००, तर त्या बोर्डावर फार तर आय७ ७७००, म्हणजे ४ कोर ८ थ्रेड, त्यापुढे रस्ता बंद. आठव्या पिढीचा सॉकेट दिसायला सारखा पण २०० सिरीजच्या बोर्डावर तो चालत नाही. अशा लोकांसाठी प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही, तेव्हा त्यांनी कार्डच आधी घ्यावं असं माझं मत.

५५०० आणि ५६०० मध्ये फसू नका. नावात शंभराचाच फरक, पण ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी आणि ५६०० ला ३२, गेमला हीच कॅश लागते. ५८००एक्स३डी ला तर ९६ एमबी आहे, पण तो आता सहज मिळत नाही आणि मिळाला तर त्याच पैशात आमचं कार्ड आणि प्रोसेसर दोन्हीचा विचार सुरू होतो.

कार्डात आरएक्स ६६०० ठरलं. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट. एक खटकणारी गोष्ट म्हणजे ते पीसीआयई ४.० च्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेनवर चालतं आणि आमचा बोर्ड ३.०, म्हणजे मिळणारा रस्ता निम्मा. बरीच शोधाशोध केली, ८ जीबी मेमरी असेल तर फटका किरकोळ बसतो. ६५०० एक्सटीच्या वाटेला मात्र जुन्या बोर्डवाल्यांनी जाऊ नये, त्याला चारच लेन आणि मेमरी ४ जीबी, मेमरी भरली की सगळा डेटा त्या अरुंद गल्लीतून रॅमकडे ये-जा करतो आणि गेम धापा टाकतो.

आधी कार्ड. दोन कारणं. एक, १०६० पास्कल पिढीचं आणि त्या पिढीचे गेम-रेडी ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, पुढे फक्त सिक्युरिटीचे. दुसरं, पैसे माझे. भावाने तोंड वाकडं केलं. प्रोसेसर कार्डाच्या जवळपास निम्म्यात येत होता, त्याचा मुद्दा तसा चूक नव्हता.

१५ नोव्हेंबर : पॉवर सप्लायने घातलेला घोळ

कार्ड आलं आणि पडूनच राहिलं. त्याला ८ पिनचं कनेक्टर लागतं, आमच्या सप्लायमध्ये ६ पिनचं एकच. वॉट कमी पडत नव्हते हे लक्षात घ्या, सगळं मशीन मिळून ३०० च्या आतच खातं. गाडी अडली ती कनेक्टरवर. मोलेक्सच्या (जुन्या चार पिनी कनेक्टरच्या) दोन वायरींपासून ८ पिन करून देणारा जोड मिळतो, तो मी लावणार नाही. स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५० असा हिशोब असतो आणि मोलेक्सची बारीक वायर तापून वितळल्याचे फोटो पुष्कळ बघितलेत. शिवाय सप्लाय आठ वर्षांचा.

नवा ५५० वॉटचा घेतला. म्हणजे "कार्ड स्वस्तात पडलं" हे वाक्य इथेच संपलं. जुन्या मशीनचं बजेट काढताना कार्डाच्या शेजारी सप्लायची ओळ आधीच लिहा.

नवा सप्लाय मॉड्युलर आहे, वायरी सुट्या निघतात. भावाने विचारलं जुन्याची साटाची (डिस्कला वीज देणारी) वायर केसमध्ये छान बसवलेली आहे, तीच राहू दे का. नाही! सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी, प्लग मात्र आरामात बसतो. १२ व्होल्ट ५ च्या जागी गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी जागेवर जळतात. सगळ्या वायरी काढून नव्या घातल्या, त्यात संध्याकाळ गेली.

१६ नोव्हेंबर : कार्ड बसवलं

आधी डीडीयू नावाच्या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलने एनव्हिडियाचा ड्रायव्हर साफ केला, सेफ मोडमध्ये आणि नेट तोडून, नाहीतर विंडोज मधल्यामध्ये स्वतःचाच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची क्लिप कार्डाच्या खाली लपते, बोट पोचत नाही, प्लास्टिकच्या पट्टीने दाबली. धातूचा स्क्रूड्रायव्हर तिथे घालू नका, घसरला की बोर्डावर ओरखडा.

नवं कार्ड लांबीला जास्त. हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला टेकत होतं. पिंजरा रिव्हेटने नाही, चार स्क्रूने बसवलेला निघाला, काढून टाकला आणि डिस्क खालच्या बाजूला हलवली.

चालू केलं तर पंखे फुल्ल आणि स्क्रीन काळी. १६०० मध्ये डिस्प्ले (स्वतःचं ग्राफिक्स) नाहीच, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला लावून बघायचीही सोय नाही. सप्लायच्या वायरीला ६+२ असं तुटक कनेक्टर असतं, त्यातला २ वाला तुकडा अर्धवट वर राहिला होता, बघायला सरळ दिसतो पण क्लिप बसलेली नसते. दोन्ही तुकडे आधी हातात एकमेकांत अडकवून मग एकदम दाबले, कट्ट आवाज आला, स्क्रीन लागली.

१७ नोव्हेंबर : कार्डानंतरचे आकडे

सायबरपंक हाय सेटिंगवर साठीच्या आसपास. पण बाजारात, गर्दीत शिरलं की पंचेचाळीस, आणि तिथे कार्ड ६०-७०% वर निवांत. टूम रेडरचा तो "कार्डामुळे अडला"वाला आकडा ९९ वरून तिशीत आला. म्हणजे आता माझ्याही गेममध्ये अडसर प्रोसेसरच.

काउंटर-स्ट्राइक होता तिथेच. भाऊ दहा मिनिटं खेळला, हेडफोन काढले आणि म्हणाला, "दादा, बदललं ते नक्की काय?"

अशा अवस्थेत अडकलात तर ग्राफिक्सची सेटिंग बिनधास्त वाढवा, टेक्श्चर, सावल्यांची क्वालिटी, सगळं. कार्ड रिकामंच आहे, फ्रेम्स कमी होत नाहीत. फक्त गर्दीची घनता, लांबच्या वस्तू किती दिसाव्यात आणि रे ट्रेसिंग, हे तिन्ही प्रोसेसरवरही भार टाकतात, ते खालीच ठेवा. मी गर्दी कमी केली आणि रिव्हाट्यूनरने ५० ला फ्रेम्स बांधल्या. ४५ ते ६५ असं हेलकावण्यापेक्षा सपाट ५० डोळ्याला कितीतरी बरे. पुढे महिनाभर असंच चालवलं.

१३ डिसेंबर : बायोस

प्रोसेसर मागवलाय. या वेळी पैसे अर्धे भावाचे. आणखी एक कारण जमा झालं होतं : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १६०० नाही, ५६०० आहे.

बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करायचा, हा क्रम उलटा झाला तर नवा प्रोसेसर उठणारच नाही आणि परत जुना बसवावा लागेल. बोर्डाचं नाव बॉक्सवरून न बघता बोर्डावरच छापलेलं रिव्हिजनसकट बघा, १.० आणि १.१ ची फाइल वेगळी असू शकते. आमच्या बोर्डाला थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नव्हतं, मधली एक आवृत्ती आधी टाका असं कंपनीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय. पेन ड्राइव्ह एफएटी३२ ला फॉरमॅट करून बायोसच्या आतूनच फ्लॅश केलं, विंडोजमधल्या सॉफ्टवेअरमधून नाही. मशीन यूपीएसवर होतं.

फ्लॅश झाल्यावर सगळी सेटिंग पुसली जातात. रॅम परत २१३३, पंख्यांचे कर्व्ह गायब, व्हर्च्युअलायझेशन बंद. अपडेट करायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, त्यामुळे परत लावायला वेळ लागला नाही.

१४ डिसेंबर : प्रोसेसर

एएम४ ची गंमत अशी की पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही, आणि सॉकेटची दांडी लॉक असली तरी कुलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो. हे माहीत होतं. गेम चालवून कुलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट गरम केली, मशीन बंद करून लगेच स्क्रू सोडवले, कुलर डावीकडे-उजवीकडे फिरवला. आठ वर्षांची पेस्ट, सिमेंट झालेली. फिरता फिरता एकदम सुटली, प्रोसेसरसकट. कोपऱ्यातल्या दोन-तीन पिना वाकल्या.

नवा प्रोसेसर हातात असल्यामुळे काम थांबलं नाही, पण १६०० विकायचा होता. लेड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक पिनेवर घालायचं आणि अगदी हळू सरळ करायचं. टेबलाच्या पातळीला डोळा आणून बाजूने रांगेकडे बघायचं, वाकडी पिन लगेच कळते. एकदाच वाकवता येते असं समजून करा, मागेपुढे मागेपुढे केलं की तुटते. झाल्या सरळ.

कुलर जुनाच, १६०० सोबत आलेला रेथ स्पायर. ५६०० सोबत रेथ स्टेल्थ येतो, तो उंचीला कमी. स्पायरचे चार स्क्रू बोर्डामागच्या धातूच्या पट्टीत बसतात, आणि स्क्रू निघाले की ती पट्टी मागून खाली पडते, मग एका हाताने मागे धरून पुढे स्क्रू लावायचे. भाऊ कामाला आला. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आळीपाळीने.

पहिल्यांदा चालू केल्यावर बराच वेळ काळी स्क्रीन, घाबरून बंद करू नका, बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. मग एक मेसेज येतो, नवा प्रोसेसर सापडलाय, एफटीपीएम (सुरक्षेच्या की साठवणारा भाग) रीसेट करायला वाय दाबा, तसंच ठेवायला एन. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल आणि रिकव्हरी की जवळ नसेल तर वाय दाबल्यावर ड्राइव्ह उघडणार नाही. आमचं बंद होतं, तरी आधी विंडोजमध्ये जाऊन खात्री केली होती. विंडोज नव्याने टाकावं लागलं नाही, बोर्ड तोच असल्याने ॲक्टिव्हेशनही टिकलं.

आणि रॅम! तीच रॅम, तोच बोर्ड, एक्सएमपी ३२०० एका झटक्यात.

२० डिसेंबर : रीसायझेबल बार आणि आकडे

नव्या बायोसमध्ये रीसायझेबल बारचा (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा) पर्याय आलाय, पण तो लावायला सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करावं लागतं आणि विंडोज २०१७ साली एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) डिस्कवर टाकलेलं. सीएसएम तसंच बंद केलं असतं तर विंडोज सुरूच झालं नसतं. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, आधी व्हॅलिडेट करून बघितलं तर नापास. कारण डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन, टूलला जास्तीत जास्त तीन चालतात. जुन्या गाण्यांचं एक छोटं पार्टिशन होतं, त्यातलं सगळं दुसरीकडे हलवून ते उडवलं, मग पास. बॅकअप आधी घेतला होता, तो न घेता हे करू नका. फायदा गेमनुसार, काहींमध्ये जाणवतो, काहींमध्ये शून्य. विंडोज ११ ला यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) लागणारच होतं, त्यामुळे मेहनत वाया नाही.

सायबरपंक हाय, गर्दीही हाय : बाजारात साठीच्या खाली येत नाही, कार्ड ९७-९८% वर. सरासरी कार्डानंतर जी होती त्यापेक्षा थोडीच वर आहे, पण ग्राफवरचे ते उभे काटे गेले. काउंटर-स्ट्राइकची सरासरी अडीचशेच्या आसपास आणि धुरात शंभराच्या वरच राहतो. भावाने या वेळी काही विचारलं नाही, हेडफोनच काढले नाहीत.

तापमान स्पायरवर गेममध्ये सत्तरीत, पंखा आधीपेक्षा जास्त आवाज करतो कारण ५६०० क्षणभर जोरात उसळतो आणि लगेच थंड होतो, त्याच्या मागे पंखा वरखाली धावतो. बायोसमध्ये पंख्याला वाढायच्या आधी थोडं थांबायला सांगणारं सेटिंग मिळालं, तीन-चार सेकंद दिले, आवाज गेला.

२१ डिसेंबर : उरलेलं

गेमच्या मेनूत कार्डाची बारीक शिट्टी येते, तिथे फ्रेम्स कित्येकशे जातात म्हणून. १४१ ला बांधल्या, शिट्टी बंद, आणि मॉनिटर १४४ चा असल्याने फ्रीसिंकच्या (मॉनिटर फ्रेम्सशी वेग जुळवतो ती सोय) आतच राहतो. जुना सप्लाय विकणार नाही, आठ वर्षांचा सप्लाय दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात अर्थ नाही. १६०० आणि १०६० जोडीनेच विकायला काढलेत, वाकलेल्या पिनांचा जवळून फोटो टाकून. ज्याला फक्त प्रोसेसर हवा असेल त्याला आधीच सांगतोय की यात डिस्प्ले नाही, कार्ड लागेलच.